दुसऱ्याचा वाटा आपल्या हाती

देवळाली कॅम्प,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. रोज सकाळी शास्त्र वाचतेस, रविवारी दोघं उपासनेला जाता, रात्री घरात प्रार्थना होते, आणि तरी सोमवार ते शनिवार त्यातलं काही हाती लागत नाही, असं तू लिहिलंस. असं मनात येणं म्हणजे विश्वास कमी पडतोय असं समजू नकोस. ज्याला वचनाची किंमत असते त्यालाच ही टोचणी लागते. फोनवर हा विषय दोन वाक्यांत उरकला असता, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

माझं उत्तर एवढंच आहे. दिवसभरात जिथे जिथे दुसऱ्या माणसाचा वाटा आपल्या हाती येतो, तिथे वचन आठवायचं. तो वाटा पैशाचा असेल, ताटातल्या अन्नाचा, मानाचा, विश्रांतीचा, नाहीतर कुणाच्या नावाचा. शास्त्र चाळून बघ. नियमशास्त्र, संदेष्टे, नीतिसूत्रे, प्रभूचे दृष्टांत, प्रेषितांची पत्रं, सगळीकडे देव पुन्हा पुन्हा याच जागी बोट ठेवतो.

हे मी वाचून शिकण्याआधी घरात पाहिलं. तुझ्या आईने कधी सांगितलं की नाही ठाऊक नाही, पण तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, लॅम रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यावर माळी होते. देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईची श्रीमंत कुटुंबं इथे हवापालटाला येत. बंगले बांधत, आणि वर्षातले बरेच महिने ते बंद असत. मागे माळी आणि रखवालदार राहत. आजोबांचा पगार मालक येतील तेव्हा मिळे. कधी महिन्याचा महिन्याला, कधी दोन महिन्यांनी. मालक दुष्ट मुळीच नव्हते. आपल्याच धर्माचे, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करणारे, नाताळला पोरांना कपडे देणारे. ते फक्त विसरत. त्यांना विसरणं परवडत होतं.

आजीला परवडत नव्हतं. किराण्याची वही वाढत जाई. वाण्याकडे ती स्वतः जात नसे, माझ्या आईला पाठवी, कारण लहान मुलीला तो चारचौघांत बोलत नसे. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. पुढे तिचं सगळं चांगलं झालं, पण म्हातारपणीसुद्धा दुकानात उधार हा शब्द कानावर पडला की ती दाराकडे सरके. पगार उशिरा झाला तर तो मिळतो तरी. त्या मुलीच्या मनावर जे बसलं ते भरून आलं नाही.

आता लेवीय १९ काढ, तेरावी ओवी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवायची नाही. मग अनुवाद २४ काढ. तिथे मुदत आणखी कडक आहे, सूर्य मावळायच्या आत, आणि कारणही दिलेलं आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक परमेश्वराच्या कानी जाते. ही वचनं माझ्या आजोबांच्या मालकांच्या शास्त्रातही होती. त्यांनी ती वाचलीही असतील. महिन्याची एक तारीख आणि ती ओवी मात्र कधी शेजारी शेजारी ठेवली नाहीत.

सध्या आपल्या जिल्ह्यात द्राक्षाचा हंगाम आहे. पेठ, सुरगाण्याकडची माणसं बायकापोरांसह खाली उतरलेली असतात. गिरणाऱ्यात सकाळी मजुरांचा बाजार भरतो, बागायतदार येतात, भाव ठरतो, टेम्पोत बसून माणसं जातात. उरलेली उभी राहतात. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दृष्टांत मला इथेच नीट कळला. आपण त्यातून कृपा शिकतो, शेवटी आलेल्यालाही तेवढंच दान, आणि ते खरंच आहे. पण धनी काय काय करतो ते बघ. तो कारभारी न पाठवता स्वतः चौकात जातो, पुन्हा पुन्हा जातो. दिवस संपत आला तरी जातो आणि उभ्या माणसांना विचारतो, रिकामे का उभे? ती म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. त्या उत्तरावर तो त्यांना कामचुकार म्हणत नाही. आणि संध्याकाळ होताच कारभाऱ्याला सांगतो, मजुरी देऊन टाक. त्याच संध्याकाळी, सूर्य मावळायच्या सुमाराला. प्रभूच्या दृष्टांतातला धनी मोशेचं नियमशास्त्र पाळतो. माझ्या आयुष्यात या दृष्टांतावर पुष्कळ संदेश ऐकले, पण त्या संध्याकाळबद्दल कुणी बोललं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

लेवीय १९ मध्येच द्राक्षांचंही आहे. मळा पार ओरबाडायचा नाही, गळलेले मणी वेचायचे नाहीत, ते गरिबाचे आणि परक्याचे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच हक्काने. तिला कुणी भीक घातली नाही. म्हणून सांगते, तुझ्या पगारातला एक कोपरा न कापलेला ठेव. कुणाला द्यायचा हे आधी ठरवू नकोस, महिन्यात देव माणूस दाखवतो. दशमांश वेगळा, हे वेगळं. पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशमांश देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं ते मत्तय २३ मध्ये आहे, आणि ते नियमाने धर्म पाळणाऱ्या लोकांनाच सुनावलं होतं.

तुला वाटेल मावशी सारखी पैशावर येते. ताटाचंही सांगते.

नाशिकजवळ जलालपूरला १८६८ मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला, हे तू शाळेत शिकलीस. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरचं काही धुतल्याशिवाय घरात येत नसे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईवर आकाश कोसळलं. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीच, जातीचा भेद देवाचा नसून माणसाने केलेला आहे हे त्यांच्या मनाने घेतलं आणि कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. त्यांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच आणि हा क्रम लक्षात घे. पाण्याच्या भांड्यापाशी बदल आधी झाला, पाळकासमोर नंतर. पेत्रालाही प्रेषितांची कृत्ये १० मध्ये हाच धडा मिळाला, आणि तो गिरवायला त्याला कर्नेल्याच्या घराचा उंबरा ओलांडावा लागला. आजही आपल्यातल्या काही घरांत कामवाल्या बाईचा कप वेगळा असतो. भिंतीवर वचनाची पाटी आणि मोरीत वेगळा कप, हे एका घरात शोभत नाही. तुझ्या घरात तो असेल असं मला वाटत नाही, तरी स्वयंपाकघरात एकदा बघ.

आणखी एक गोष्ट शरणपूरची. तू नाशिकला येतेस तेव्हा त्या रस्त्याने जातेस. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे वाढली, शास्त्र शिकली, हाताचं कामही शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत वारला तेव्हा जेकब त्याच्याबरोबर होता. मागे पगार देणारा कुणी उरला नव्हता, सगळे वाट फुटेल तिकडे गेले असते तर विचारणारंही कुणी नव्हतं. पण त्याचे सोबती सुसी, चुमा, जेकब आणि बाकीच्यांनी लिव्हिंग्स्टनचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि देह, कागदपत्रं, उपकरणं घेऊन ही माणसं हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत आली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत शरणपूरचा हा मुलगा होता. मेलेल्याचं जे आपल्या हाती आलं ते त्यांनी जिथल्या तिथे पोचवलं. लहानपणी ज्यांना माणसांनी विकलं होतं, असेही त्यांच्यात होते. मंडळीतल्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगते, कारण थोड्यावर विश्वासू असणं काय असतं हे त्यांना एवढ्या जवळच्या गावातून दाखवता येतं.

मानाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या कॅम्पात लष्करी हुद्द्याची सवय सगळ्यांना आहे, बाहेर ती ठीकच. देवाच्या घरात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी, हे याकोबाने दुसऱ्या अध्यायात सरळ पाप म्हटलं आहे. तुमच्या मंडळीत कुणी नवं, बिचकत, दाराशी उभं राहिलं तर आपल्या बाकावरची जागा करून दे. आणि कुणाचं नाव तुझ्यापुढे निघालं, ते माणूस तिथे नसेल, तर त्याची अब्रू त्या वेळी तुझ्या हाती आहे असं समज. भाऊबंदांशी काही बिनसलं असेल तर प्रभुभोजनाच्या रविवारची वाट पाहू नकोस, आदल्या शनिवारी फोन कर. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभूने सांगितलं ते मंडळीचं वेळापत्रक बिघडलं तरी चालेल म्हणूनच सांगितलं.

पौलाची बहुतेक पत्रं मंडळ्यांना आहेत, पण फिलेमोनाला लिहिलेलं पत्र एका घरच्या प्रश्नावर आहे. पळून गेलेला दास अनेसिम, त्याला परत पाठवताना पौल धन्याला सांगतो की याला दास म्हणून न घेता प्रिय बंधू म्हणून घे, आणि याने काही बुडवलं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. पंचवीस ओव्यांचं पत्र. घरात काम करणारं माणूस आणि आपण, यांच्यामध्ये प्रभू उभा आहे, हे एवढ्याशा कागदावर त्याने लिहून ठेवलं. आज रात्री दोघं मिळून वाचा.

आता तुझ्या घरचं. तुझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई रविवारीही येते, तू उपासनेहून आलीस की भांडी घासून झालेली असतात, हे तू सहज लिहून गेलीस. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात चौथी आज्ञा वाच. विश्रांती तुला, आणि तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखीच, असं तिथे आहे. तिची आठवड्याची सुट्टी ठरव, ती तिला विचारून ठरव, आणि त्या दिवसाचा पैसा कापू नकोस. पगार एक तारखेला तिच्या हातात पडू दे, तुम्ही गावाला जाणार असाल तर जायच्या आधी. जावईबापूंशी बोलून याच आठवड्यात हे कर आणि काय ठरलं ते मला कळव.

काकांचा तुम्हा दोघांना सलाम.

तुझी,
मावशी