कसाऱ्याचा चढ आणि जास्तीचे पैसे

आमच्या घरातल्या थोरल्या पिढीला इंजिन आधी कळलं आणि गाडी खूप उशिरा मिळाली. नाशिकला सातपूर, अंबड, सिडको या भागांत वाढलेल्या पुष्कळांच्या घरी हेच असेल. बाबा मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, नोझलच्या कामावर होते. मोठे काका महिंद्रात असेंब्लीला, धाकटे काका ओझरला एचएएलमध्ये, आणि समोरच्या घरातले काका सिएटला टायरच्या कारखान्यात. पाळी सुटल्यावर आमच्या ओट्यावर जमणाऱ्या या माणसांनी मिळून एक अख्खं वाहन उभं केलं असतं. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र सायकल किंवा स्कूटर, एवढंच.

डिझेलच्या नोझलमधली सुई आणि ती जिच्यात सरकते ती नळी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. ती जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असते, एकीची सुई दुसरीला चालत नाही. हे आम्ही पोरं जेवणाच्या ताटावर शिकलो. त्यामुळे इंजिनाची ताकद हा आमच्याकडे मिरवायचा विषय कधी झाला नाही. ती ताकद कोणाच्या तरी हातून, मापात बसलेल्या धातूतून येते आणि तिला किंमत असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरची माणसं आमच्या वडीलधाऱ्यांना चिकट म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. एखादी वस्तू महाग का आहे हे ज्याला आतून माहीत असतं, तो पैसे मोजताना वेळ घेतोच.

वेळ घ्यायला कारणही तसंच होतं. आमची आत्या डोंबिवलीला. सणवार, बारसं, आजारपण, काहीही असो, मधे कसाऱ्याचा घाट उभा. आमची पहिली गाडी दोन हात फिरून आलेली होती. घाटाच्या मध्यावर तिचं पाणी उकळायचं. कडेला दगड लावून ती उभी करायची, बॉनेट उघडायचं, पाण्याचा कॅन काढायचा आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. उन्हाळ्यात तिथे द्रोणात करवंदं मिळत, म्हणून आम्हा पोरांची तक्रार नसे. आजीला मात्र उतरणं-चढणं जड जाई. वर पोचल्यावर घाटनदेवीला नमस्कार करून मगच ती बोलायला लागायची.

त्याच घाटाला रेल्वे काय करते ते आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून धक्का बसतो, आणि डब्यात कोणीतरी म्हणतं, ‘लागली इंजिनं.’ ही बँकर इंजिनं 1:37 चा चढ गाडीला मागून ढकलत नेतात आणि इगतपुरीला सुटतात. मोठे काका म्हणायचे, “रेल्वेचं बरं आहे. चढापुरती ताकद जोडायची, वर गेलं की सोडायची. आपल्याला ती कायमची विकत घ्यावी लागते, आणि सपाटीवर तिला नुसती सांभाळत बसावं लागतं.” जास्तीच्या ताकदीला जास्तीचे पैसे द्यावेत का, या प्रश्नाची याहून नेमकी मांडणी मी पुढे कुठल्याही मासिकात वाचली नाही.

2000 साली मारुतीची अल्टो आली ती दोन इंजिनांत. एलएक्सला 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, व्हीएक्सला 1061 सीसीचं चार सिलिंडरचं. पहिल्याची ताकद साधारण 46 अश्वशक्ती, दुसऱ्याची 62च्या आसपास. त्याच सुमाराला मारुती 800सुद्धा चार गिअरची आणि जरा जोरकस इंजिनाची पाच गिअरची, अशी दोन्ही मिळू लागली होती. म्हणजे छोट्या गाडीतही आता निवड करायची होती. घरात गाडी घ्यायचं ठरलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. पुढच्या साली सिंहस्थ येणार होता, पाहुण्यांची ये-जा होणार होती, आणि जुन्या गाडीवर कोणाचाच भरवसा उरला नव्हता.

बाबांनी वहीचं पान आडवं धरून दोन रकाने पाडले. शोरूमच्या किमतीतला फरक हा शेवटचा फरक नसतो, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यांत, म्हणून तोही वाढणार. शहराची जकात वाढणार. विम्याचा थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, आणि 1000 सीसीची रेघ ओलांडली की तो वरच्या गटात जातो. 796 रेघेच्या अलीकडे, 1061 पलीकडे. शिवाय शहरातल्या शहरात मोठं इंजिन पेट्रोल थोडं जास्त पिणार. पान भरत गेलं आणि व्हीएक्सचा रकाना लांबत गेला.

धाकट्या काकांची बाजू वेगळी होती. विमानाच्या कारखान्यातला माणूस, त्यांना हवेचं गणित तोंडपाठ. साध्या इंजिनाची ताकद दर 100 मीटर उंचीला साधारण एक टक्का घटते. इगतपुरी 600 मीटरांच्या आसपास. म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत पाच-सहा टक्के हवेतच गेले. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती खातो. ती 46मधून गेली तर जवळजवळ दहावा हिस्सा गेला, 62मधून गेली तर तेवढं जाणवत नाही. वर पाच माणसं आणि डिकीत आत्याकडचं सामान. म्हणून छोट्या गाड्यांतली माणसं कसारा गाव मागे पडलं की एसी बंद करून काचा खाली घेत. आमच्या ओळखीत सगळेच तसं करत, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे.

वाद तिथेच अडला असता. पण आईने कणीक मळता मळता एकच गोष्ट सांगितली. “एसी बंद केला की ट्रकचा धूर आत येतो आणि पोरांना उलट्या होतात. त्या माझ्या मांडीवर होतात. घाट चढताना एसी चालू राहील ती गाडी घ्या. वरचे पैसे मी आणि जाऊबाई भिशीतून घालतो.” मोठ्या काकांनी पतपेढीचं कर्ज काढलं, भिशीचे पैसे आले, आणि मोठ्या इंजिनाची अल्टो दारात उभी राहिली.

अश्वशक्तीचा उपयोग इतक्या सरळ शब्दांत सांगणारं माणूस मला नंतर भेटलं नाही. कारखान्यातल्या तिघा पुरुषांनी आकडे मांडले, ते बरोबरच होते. पण ती ताकद गाडीत बसलेल्या कोणत्या माणसाला कुठे पोचते, हे त्या पानावर नव्हतं. ते आईला माहीत होतं, कारण घाटात मूल मांडीवर घेऊन ती बसायची. त्या गाडीने आम्हाला डोंबिवलीला नेलं, त्र्यंबकला नेलं, सिंहस्थात पाहुणे स्टेशनवरून आणले, आणि कसाऱ्याला काचा बंद ठेवून वर चढवलं. दिलेल्या प्रत्येक पैशाचं चीज झालं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणेन.

त्याच वर्षी, 2002 साली, स्कॉर्पिओ बाजारात आली. मोठ्या काकांच्या कारखान्यातून. 2.6 लिटरचं टर्बो डिझेल, 109 अश्वशक्ती. रस्त्यावर पहिली स्कॉर्पिओ दिसली तेव्हा त्यांनी स्कूटर कडेला घेतली आणि ती नजरेआड होईपर्यंत उभे राहिले. जीपगाड्या बनवणाऱ्या आपल्या गावातून अशी गाडी निघाली, याचा अभिमान तेव्हा सातपूरच्या गल्लीगल्लीत होता. काकांना ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती आपल्या घरात कधीतरी यावी, ही इच्छा त्यांनी मनात धरली असावी.

ती आली, पण सोळा वर्षांनी, चुलतभावाने घेतली तेव्हा. आणि पुन्हा तोच प्रश्न. 2017च्या अखेरीस आलेल्या स्कॉर्पिओत सर्वांत खालच्या एस3ला 75 अश्वशक्तीचं जुन्या घडणीचं इंजिन होतं, एस5ला 120चं एमहॉक. एस7मध्ये दोन्ही मिळत, 120सुद्धा आणि 140सुद्धा. एस11ला फक्त 140. इंजिन तेच 2179 सीसीचं, पण 140मध्ये टॉर्क 280 ऐवजी 320 न्यूटन मीटर, आणि पाचाऐवजी सहा गिअर. भावाचं मन एस11वर होतं, कारण सगळा साजशृंगार तिथे.

गाड्या विकण्याच्या या पद्धतीचा मला मनापासून राग आहे. चांगलं इंजिन हवं तर वरची श्रेणी घ्या, आणि तिच्याबरोबर नको असलेल्या दहा वस्तूंचे पैसे मोजा. ताकद सुटी मिळत नाही. म्हणून एस7 मध्ये 140 मिळतं हे कळल्यावर काका खुर्चीत सरसावून बसले. “दिखाव्याचं राहू दे. इंजिन वरचं आणि बाकी मधलं, ही खरी गाडी.”

पण 20 अश्वशक्ती खरंच हव्यात का? घाट तर 120सुद्धा आरामात चढते, टर्बो असल्यामुळे उंचीचं रडगाणंही नाही. इथे प्रश्न चढाचा नव्हता, ओव्हरटेकचा होता. भावाचा धंदा दिंडोरी, वणी, पेठ या बाजूचा. मुंबई रस्ता चौपदरी झाला होता, पण पेठच्या वाटेवरचा कोटंबीचा घाट, वणीहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता, हे दुपदरीच. हंगामात पुढे द्राक्षांचे ट्रक, कांद्याच्या ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. त्यांना ओलांडायचं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूने काही सेकंद गाडी चालवायची.

काकांनी पुन्हा वही मागवली. गाडीचं वजन एक पूर्णांक आठ टनांच्या घरात, आणि सात माणसं नि सामान धरून सव्वादोन टनांपुढे. एवढं वजन ताशी 40वरून 80वर न्यायला 140ची गाडी 120च्या मानाने साधारण एक सेकंद कमी घेते, असा त्यांचा कागदावरचा अंदाज निघाला. मीही तो पडताळला आणि मला तो पटला. एक सेकंद ऐकायला काहीच नाही. पण तुम्ही ताशी 60ने जाताय आणि समोरचाही 60ने येतोय, तर एका सेकंदात तुमच्यातलं अंतर 33 मीटरने कमी होतं. कोटंबीच्या वळणावर 33 मीटर म्हणजे फार झालं. जास्तीचे पैसे देऊन भाऊ ते 33 मीटर विकत घेत होता.

हाच भाऊ द्वारका ते कॉलेज रोड एवढंच फिरणारा असता, तर मी त्याला 120 घ्यायला सांगितलं असतं आणि त्यावर ठाम राहिलो असतो. द्वारका चौकात सिग्नलला अडकलेल्या गाडीला 140चा काहीही उपयोग नाही. उलट जास्तीच्या किमतीचा टॅक्स, विमा आणि कर्जाचं व्याज वर्षानुवर्षं भरत राहायचं. गाडी कोणती यापेक्षा रस्ता कोणता, हे आमच्याकडे आधी विचारलं जाई. आणि समोरच्या घरातले सिएटवाले काका आणखी एक विचारत: टायर कसे घेणार? चढताना इंजिन गाडी नेतं, उतरताना टायर आणि ब्रेक सांभाळतात. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, हे त्यांचं वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने गाडी शिकताना ऐकलंय. ताकदीसाठी पैसे ताणले आणि झिजलेल्या टायरवर वर्ष काढलं, असं त्यांना अजिबात खपत नसे.

एस7, 140, एमएच-15 पाटी लावून घरी आली. मोठे काका पुढच्या सीटवर बसले, आम्ही वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो. नांदुरीहून गडाचा चढ लागला तेव्हा त्यांनी भावाला तिसरा गिअर टाकायला सांगितलं आणि इंजिन कसं ओढतंय ते कान देऊन ऐकलं. नोकरीभर त्यांनी अशा गाड्या ओळीवरून पुढे सरकवल्या होत्या. भरलेल्या गाडीत बसून घाट चढण्याचा योग त्यांना तेव्हा आला.

आता पुतणीची पाळी. ती ठाण्याला नोकरी करते आणि महिन्यातून एकदोनदा घरी येते. तिने फ्रॉन्क्स पाहिली. त्यात एक 1.2 लिटरचं साधं इंजिन, 90 अश्वशक्तीच्या आसपास, आणि एक 1 लिटरचं टर्बो, 100च्या आसपास, टॉर्कही बराच जास्त. तिने बाबांना दाखवलं की टर्बो 998 सीसीचं आहे आणि साधं 1197चं. म्हणजे जोरकस इंजिन 1000च्या रेघेच्या अलीकडे आलं आणि थर्ड पार्टीचा हप्ता उलट त्याचाच कमी. बाबा इतके खूश झाले की त्यांनी ते मोठ्या काकांना फोन करून सांगितलं. त्यांच्या वहीतली रेघ आता उलटी चालत होती.

तरी तिने साधं इंजिनच घेतलं. 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तिथल्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून आता कसाऱ्याचा घाट टाळून जाता येतं. चढ सौम्य, समोरून येणारं कोणी नाही, ओव्हरटेकला मोकळी लेन. ज्या घाटासाठी आमच्या घराने भिशी मोडली, तो तिच्या वाटेत नाहीच. टर्बोचे पैसे कशाला, असं तिने विचारलं, आणि दोन्ही आजोबांना त्यावर उत्तर नव्हतं, कारण रस्ता बघून ठरवायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

वाचलेल्या पैशांतले काही तिने तिच्या आईसाठी, म्हणजे आमच्या वहिनीसाठी, ड्रायव्हिंग क्लासला भरले. आमच्या घरातल्या बायकांनी गाडीच्या निवडीत मत दिलं, पैसे घातले, पण स्टिअरिंग कोणीच धरलं नव्हतं. वहिनी आता नांदुरीहून गडावर स्वतः गाडी नेते. आई तिच्या शेजारच्या सीटवर बसते, बाबा मागे.