ताटातलं नाव

परवा खसखशीवर अनारसे थापत होते, तेवढ्यात झिलिनाहून फोटो आला. स्लोव्हाकियात कुणी वारलं की काळ्या चौकटीचा कागद छापून फलकावर लावतात. त्याला ‘पार्ते’ म्हणतात. त्यावर आमच्या तिथल्या घरमालकीणबाईंचं नाव होतं, झुझाना. ओळखायला क्षणभर लागलाच. शेजारणी त्यांना झुस्का म्हणत, आणि नवऱ्याच्या जुन्या पत्रांत त्या झुझिच्का होत्या.

त्यांच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेला एकेक नाव छापलेलं असे. 11 ऑगस्टला झुझाना, कारण तो रोमच्या संत सुझानाचा दिवस. त्या दिवशी खसखशीचा रोल व्हायचा. टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेल्या हातयंत्राचा दांडा त्या माझ्या हाती द्यायच्या. खाली करडी, तेलकट खसखस भुरभुरत पडायची. तेव्हाच कधीतरी म्हणाल्या, “हे माझ्या आजीचं नाव.” आजी जन्मली तेव्हा हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. 1895 पासून जन्माची नोंद सरकारी दप्तरात, तीही हंगेरियन भाषेत. म्हणून तिथे ती जुजान्ना. चर्चच्या लॅटिन वह्यांत याच नावाची सुसान्ना होते. घरात मात्र शेवटपर्यंत झुझाना.

मूळ शब्द हिब्रू. शोशन्ना म्हणजे लिली. आणि हिब्रूत तो आला प्राचीन इजिप्तमधून, नाईलच्या कमळाच्या नावावरून, असं भाषेचे अभ्यासक मानतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या मावशीचं नाव कमळ. मी सात वर्षांची असताना तिचं लग्न झालं. काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं अक्षरं काढली आणि मावशीनं मुंडावळ्या सावरत, मान वाकवून, स्वतःचं नवं नाव वाचलं. कुणीतरी ताट उचललं, तांदूळ सपाट झाले. नाव राहिलं. ते मी आजतागायत उच्चारलेलं नाही, इथेही लिहिणार नाही.

हे घरमालकीणबाईंना सांगितलं तेव्हा दांडा फिरवायचा थांबवून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे दप्तरात कोण बसलं होतं?”

“घरचेच,” मी म्हटलं.

त्यांचंही लग्नात आडनाव बदललं होतं, नवऱ्याच्या आडनावाला ‘ओवा’ लागून. पार्तेवर माहेरचंही छापलंय, बारीक अक्षरांत. झुझाना मात्र दोन्हींच्या आधी, जन्मापासून जागच्या जागी.

हात धुतले आणि मावशीला फोन लावला.

“कमळमावशी?”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, “अनारसे करतेयस ना? उलटू नकोस हं. खसखशीची बाजू वर ठेव, नि झाऱ्यानं तूप उडवत राहा.”