टेकडीखालचं घर

उलवे, शनिवार, १० जानेवारी २०२६
कथा चौथ्यांदा लिहायला घेतली. इथल्या विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यातल्या एका म्हातारीची. पहिल्याच पानावर अडले. ‘म्हातारी उठली होती. तिने चूल पेटवली होती. कोंबड्या सोडल्या होत्या.’ सगळं आधीच उरकलेलं, वाचणाऱ्यासमोर काही घडतच नाही. ‘उठली होती’ हा पूर्ण भूतकाळ. कथा जिथे चालू आहे त्याच्याही मागचं सांगायला तो हवा. एकदा मागे नेलं की पुढे साधं ‘उठली, पेटवली’ पुरतं. बहुतेक ‘होती’ खोडल्या.

रविवार, ११
मग तिचा रोजचा दिवस कसा सांगायचा? ‘पहाटे उठे, ओहोटी बघून खाडीवर जाई, निवट्या घेऊन येई.’ हा रीतिभूतकाळ मला फार आवडतो. एका क्रियापदात वर्षानुवर्षं मावतात. मोरो केशव दामल्यांचं १९११चं व्याकरण काढून बसले. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘करी’, ‘जाई’ हे साध्या वर्तमानकाळाचं रूप. तोच वर्तमान आज आपल्याकडे सरलेल्या सवयीचा काळ झाला आहे! बोलताना मात्र कुणी ‘जाई’ म्हणत नाही, ‘जायची’ म्हणतात. म्हणून निवेदनात ‘जाई’, नातीच्या तोंडी ‘जायची’.
आणि मग एक ओळ: ‘त्या दिवशी ती खाडीवर गेली नाही.’ ‘जाई’वरून ‘गेली नाही’वर आले आणि कथा तिथे सुरू झाली. आधीची दीड पानं काढून टाकली.

बुधवार, १४, संक्रांत
तिळगूळ घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली आहेत. एक गेलं तशी आजींनी खिडकीतून बोट केलं. “आमचं घर त्या टेकडीखाली हाय.” नात म्हणाली, “होतं, आजी.” आजींनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं. टेकडी सुरुंगांनी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, तरी आजींचं घर ‘हाय’.
माझ्या म्हातारीच्या तोंडी मी ‘होतं’ घातलं होतं. काळ जुळावा म्हणून. ती दुरुस्ती चूक होती. निवेदन भूतकाळातच राहील, पण तिचं वाक्य तिचंच राहू दे. आज रात्री बदलायचं.
उठताना म्हटलं, “येते, आजी.”
“बस गं, चहा झाला,” म्हणत त्या लायटर शोधू लागल्या.