मुराळी

मुराळी हा शब्द आता आमच्या नातवंडांना समजावून सांगावा लागतो. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणावाराला माहेरी आणायला जो जातो, तो मुराळी. बाप, भाऊ, चुलता, आणि कोणीच नसलं तर भावकीतलं एखादं पोरगं. मी दहाव्या वर्षापासून मुराळी म्हणून जायला लागलो. बहिणी चार आणि भाऊ मी एकटा. दोघी माझ्याहून मोठ्या, दोघी धाकट्या. वडिलांनी चौघींना चार अंगाला दिलं. आक्का औंढ्याच्या डोंगरात, ताई वसमत तालुक्यात वरच्या अंगाला, मधली कळमनुरीच्या बाजूला इसापूर धरणाच्या काठी, आणि धाकटी पैनगंगेच्या पल्याड, वाशीम जिल्ह्यात. आई म्हणायची, "चारी बाजूनं खुंट रोवलेत. आता कुठूनबी वारं येऊ द्या."

आमचं गाव कयाधूच्या काठी, नर्सीच्या शिवेला लागून. तेव्हा नदीवर आमच्याकडं पूल नव्हता. पाणी उतरलं की बैलगाडी घालायची, नाही उतरलं तर थांबायचं. ताईकडं जायला हिंगोलीहून मीटरगेज गाडी होती, पूर्णेकडं जाणारी. वसमतला उतरायचं आणि पुढं पायी. ती छोटी गाडी आता गेली, २००८ साली रूळ मोठे झाले. धाकटीकडं जाताना पैनगंगा लागली की वडील हमखास सांगायचे, "हितं निजामाचं राज संपायचं. नदीच्या अलीकडं हाली शिक्का, पलीकडं कलदार." आम्हाला दोन्ही बाजूची माती सारखीच काळी दिसायची.

वडील नव्वदीला टेकून गेले. आई आधीच गेली होती. दिवस झाले, वारसाचा अर्ज दिला, फेरफार झाला आणि नवा सातबारा हातात आला. दहा एकर जमीन आणि त्यावर पाच नावं. माझं आणि चार बहिणींचं. हे कायद्यानंच होतं, त्यात कोणाची मेहेरबानी नाही. बापाच्या वाट्यात लेकीला हिस्सा १९५६ च्या वारसा कायद्यातच होता. वडिलोपार्जित जमिनीत ती पोरासारखीच जन्मानं धनी, हे महाराष्ट्रानं १९९४ साली केलं आणि साऱ्या देशासाठी २००५ साली झालं. पण गावात कायदा एक आणि रीत एक. रीत अशी की, लेकीचा वाटा चोळी-बांगडीचा. बाप गेला की वर्षाच्या आत बहिणींना गाडीत घालून नोंदणी ऑफिसात न्यायचं, हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे घ्यायचे, परत येताना साडी घ्यायची आणि हॉटेलात जेवू घालायचं. पारावर रोज कोणीतरी विचारायचं, "झालं का तुमचं हक्कसोड? उशीर करू नका. जावई, भाचे शहाणे झाले की अवघड होतं."

२०२४ ची दिवाळी आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कयाधूला पूर येऊन गेला होता. काठचं सोयाबीन गेलं आणि उरलेलं हमीभावाच्या खाली द्यावं लागलं. मी मनाशी ठरवलं की ह्या भाऊबिजेला कोणी माहेरी यायची वाट बघायची नाही. मोटारसायकलवर चौघींच्या घरी जायचं, ओवाळून घ्यायचं आणि हक्कसोडीचं बोलून तारीख ठरवायची. पिशवीत सातबारा ठेवला, आधारच्या झेरॉक्सा मागायच्या होत्या त्याची चिठ्ठी ठेवली. मंडळी मागं बसणार होती. तिनं धपाटे, ठेचा आणि करंज्याचा डबा बांधला आणि पिशवीकडं बघून म्हणाली, "तुमच्या बहिणींचं तुम्ही बघा. मी माझी सही वीस वर्षांमागं देऊन बसले. त्याच्यानंतर माझ्या भावाची गाडी आपल्या दारात किती वेळा लागली, तेवढं मोजा."

मी काही बोललो नाही. गाडीला किक मारली.

हिंगोलीवरून औंढ्याचा रस्ता धरला की थोड्या वेळात माळ सुरू होतो आणि मग डोंगर. दिवाळीच्या दिवसांत हा मुलूख बघावा. गवत पिवळं पडायला लागलेलं, सागाची पानं अजून हिरवी, तुरी फुलावर आलेल्या, आणि रस्त्याच्या कडेला बायका सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. नामदेव आमच्या कयाधूकाठचा. त्याच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मंडळीनं हात जोडून काय मागितलं, ते तिनं सांगितलं नाही.

आक्काचं घर डोंगराच्या कुशीत. ती आता बाहत्तरीची. गुडघे धरलेत, तरी दारात पाणी घेऊन उभी. ओवाळणं झालं, जेवण झालं, मग मी विषय काढला. आक्कानं पुरता ऐकलाही नाही. पदराला अंगठा पुसला आणि म्हणाली, "शाई आणलीस का?"

मी म्हणालो, "आक्का, तसं नसतं. हिंगोलीला ऑफिसात यावं लागतं, फोटो काढतात."

"मंग गाडी पाठव. मला काय करायचंय जमीन? माझं किती राहिलंय आता?" मग जरा थांबून म्हणाली, "विहिरीवरची चिंच हाय का रं बापू? का तोडली?"

"आहे."

"तिच्या खालून जाऊ आपण, ऑफिसाला जायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिनं सीताफळाची पिशवी हँडलला अडकवली. तिथून पुढं शिरड शहापूर आणि वसमतकडचा रस्ता. सिद्धेश्वर धरणाचा कालवा झाल्यापासून वसमतच्या खालच्या पट्ट्याचं रूप पालटलं. ऊस, केळी आणि सगळीकडं हळद. दिवाळीत हळद छातीएवढी झालेली असते, वारा सुटला की पानांचा वास रस्त्यापर्यंत येतो. पुढं फेब्रुवारी-मार्चात ती काढायची, शिजवायची, वाळवायची, घासायची आणि मग वसमत नाहीतर हिंगोलीच्या बाजारात न्यायची.

ताई मात्र कालव्याखाली नाही. ती पांगरा शिंदे भागातल्या डोंगरपट्ट्यात. ह्या भागात जमिनीतून आवाज येतात. कितीतरी वर्षं झाली, रात्री-बेरात्री जमीन गुरगुरते आणि माणसं अंगणात येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ रिश्टरचा धक्का बसला. तो आमच्या गावालाही जाणवला. पुन्हा १० जुलैला तेवढाच. ताईच्या घराच्या भिंतीला तडा गेलेला, तो तिनं मला बोट घालून दाखवला. मेव्हणे म्हणाले, "आम्ही आता चांगलं झोपतो, सवय झाली." ताई म्हणाली, "खोटं बोलायलेत. रातच्याला लेकराला दाराजवळ घेऊन निजतो."

हक्कसोडीचं काढल्यावर तिनं मेव्हण्यांकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघितलं. "भाऊ, जमीन हलती तव्हा आम्ही बाहेर येऊन पहिली माणसं मोजतो. एकर कोणी मोजत नाही. तू म्हणशील तिथं सही करते. पण भिंत पडली तर लेकरं घेऊन मी कुठं येऊ, एवढं सांगून ठेव."

मी म्हणालो, "हे काय विचारणं झालं? घर तुझंच आहे."

"तुझ्या तोंडानं माझं. कागदावर?"

ती भांडत नव्हती. भाकरी थापता थापता विचारलं तिनं. मंडळी चुलीपुढं बसून तिला पीठ देत होती. दोघींचे हात चालू होते आणि मी पिशवीतला सातबारा पिशवीतच ठेवला.

तिसऱ्या दिवशी टोकाईच्या गडाला वळसा घालून कुरुंद्यावरून नांदेड-हिंगोली रस्त्याला लागलो. अकोल्यापासून नांदेडला जाणारा हा रस्ता आता चौपदरी झालाय. गाड्या अशा पळतात की मोटारसायकलवाल्यानं कडेला अंग चोरून चालावं. पूर्वी ह्याच रस्त्यानं मधलीला आणताना एसटी दोनदा बंद पडायची आणि सगळे उतरून ढकलायचे. महामार्ग सोडून पैनगंगेकडं आत वळलो, तेव्हा जीवाला बरं वाटलं. पुन्हा डोंगर, पुन्हा साग, आंधांच्या वाड्या, बंजाऱ्यांचे तांडे, वेचायला आलेला कापूस. आणि एका चढावरून एकदम इसापूरचं पाणी दिसलं. त्या वर्षी धरण भरलेलं. आभाळ उतरून खाली बसावं तसं पाणी. मंडळी म्हणाली, "थांबवा." आम्ही एका दगडावर बसून आक्काची सीताफळं खाल्ली. बिया पाण्याकडं फेकत होतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण असं दोघंच कुठं बसल्याचं मला आठवलं नाही.

मधलीच्या सासरचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. तिच्या लग्नाच्या आधीच धरण झालं, गाव उठलं आणि वर माळावर वसलं. तिचा सासरा नव्या गावात शेवटपर्यंत रमला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन बसायचा आणि बोटानं दाखवायचा, इथं आमचं घर, इथं खळं, इथं मारुती.

मधली शांत, चौघींत कमी बोलणारी. तिला वाटलं होतं की ओवाळणीत साडी आणली असेल. ती होतीच. साडी घेऊन तिनं ती मांडीवर ठेवली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, मी सही करणार नाही."

मला वाटलं, जावयानं शिकवलं असेल. पण जावई तर खाली मान घालून बसलेला.

"मला एकरभरबी नको. पीक तूच खा, तूच वाह. पण माझं नाव राहू दे. मामंजींचं नाव कागदावरून गेलं तव्हा पैसे मिळाले होते. पैसे सरले. मग ते कोणत्या गावचे, हे त्यांनाच सांगता येईना. माझं माहेर आहे, एवढं कुठंतरी लिहिलेलं असू दे."

रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. पाण्यावरून गार वारा येत होता. मंडळी जागीच होती. मी म्हणालो, "आता काय करावं?" ती म्हणाली, "मला विचारता?" आणि थोड्या वेळानं, "तिनं बोलून दाखवलं. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती तव्हा."

चौथ्या दिवशी कळमनुरी, हिंगोली करत कन्हेरगाव नाक्यावर चहा घेतला आणि पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात शिरलो. जमीन तीच, पण पल्याडची बोली बदलते, बोलण्याला एक हेल येतो. धाकटीही आता तशीच बोलते, आम्ही तिला त्यावरून चिडवतो. तिच्याकडं चार एकर कोरडवाहू, डोक्यावर पीककर्ज, आणि पोरगा वाशीमला शिकायला. तिला मी काही विचारायच्या आतच तिनं सांगितलं, कारण मधलीनं फोन करून ठेवला होता.

"दादा, मी खरं सांगू का? मला गरज आहे. चोळी-बांगडी नको मला. दर वर्षाला एक पोतं तूर पाठव. वाटा म्हणून पाठव, दान म्हणून नको."

मी तिथंच हो म्हणालो. हिशेब केला तर दोन एकराच्या मानानं एक पोतं म्हणजे काहीच नाही. तिलाही ते माहीत होतं.

परत आल्यावर पारावर विचारणारे होतेच. मी सांगितलं, नावं राहणार. काही हसले, काहींनी मान हलवली. एक जण म्हणाला, "पाच नावांचा सातबारा म्हणजे जन्माची कटकट." ते काही खोटं नाही. खातं सामायिक झालं की पीककर्जाला बँक सगळ्यांची संमती मागते. पीकविम्यालाही संमतीपत्र लागतं. पूर्वी मी एकटा जाऊन अर्ध्या दिवसात करून यायचो, ते काम आता चार घरं फिरल्याशिवाय होत नाही. आषाढाच्या तोंडाला, पेरण्या आटोपल्या की आम्ही दोघं निघतो. जाता-येता दोन-अडीचशे किलोमीटर होतात. प्रत्येकीकडं एक मुक्काम. आक्काचा अंगठा, ताईची सही, मधलीची सही, धाकटीची सही. धाकटीची तूर त्याच्या आधीच, उन्हाळ्यात, तिच्या दारात पडलेली असते. मधली सही करताना आपलं नाव बोटानं शोधते, सापडलं की मगच पेन टेकवते.

ह्या खेपेला मंडळीच्या माहेरावरूनही गेलो. ते सेनगाव तालुक्यात आहे, आमच्या वाटेवर नाही, वाकडी वाट करावी लागली. तिथं आम्हाला कोणाची सही नको होती. तिच्या भावानं आधी विचारलं, "काही काम काढलंत का?" मी म्हणालो, "मुराळी म्हणून आलोय. उलटा मुराळी, तुमच्या बहिणीला तुमच्याकडं आणून घातली." तो गप्प झाला. मग आत जाऊन त्यानं स्वतः पाण्याचा तांब्या आणला.

माझा पोरगा म्हणतो, "बाबा, आता सगळं ऑनलाइन होतं, आत्यांच्या सह्या मोबाइलवर मागवता येतील." मागवता येतील. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या आषाढात गाडी तू चालव, मी मागं बसतो. औंढ्याच्या पुढं आक्काच्या गावचा फाटा पटकन दिसत नाही. तिथं एक मोठा कडुलिंब आहे, त्याच्या आधी वळायचं.