उतरण्याचीही तयारी

हिंगोलीत विमानतळ नाही. आमच्या घरात 'उडणारे' म्हटले की पक्षीच डोळ्यांसमोर येतात. हिवाळ्यात रविवारी फजरची नमाज झाली की दुर्बीण गळ्यात अडकवून सिद्धेश्वर धरण गाठायचे, हा आमचा जुना शिरस्ता. म्हणूनच गोव्याच्या सहलीत एक अख्खा दिवस आम्ही वास्को शहराजवळच्या बोगमाळो इथल्या नौदल विमान संग्रहालयासाठी ठेवला, तेव्हा नातेवाइकांना नवल वाटले. कारण घरातच होते. मुलगी बारावीला आहे. तिला विमान अभियांत्रिकी शिकायला बाहेरगावी जायचे आहे आणि दादींना ते मान्य नव्हते. आम्ही दादींनाही सोबत नेले.

1998 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात विमाने उघड्या आवारात उभी आहेत. पक्षी पाहणाऱ्यांची नजर आधी शेपटीकडे जाते. घार ओळखायची ती शेपटीच्या खाचेवरून. इथेही तसेच झाले. सुपर कॉन्स्टेलेशन या थोराड विमानाच्या शेपटीवर एक नव्हे, तीन उभी पाती! वर आकाशात घारी फिरतच होत्या. शेपटीला हलकासा पीळ दिला की घार वळते, हे मुलीने दादींना दाखवले. सी हॅरियर विमान हवेत एका जागी थांबून सरळ खाली उतरू शके, असे कळल्यावर आम्हाला धरणावरचा कवड्या खंड्या आठवला. तोही पाण्यावर असाच थांबतो.

सी हॉक विमानापाशी मुलगी म्हणाली, "दादी, याच्या शेपटीखाली आकडा असायचा." 1961 साली नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या जहाजावर ही विमाने उतरत. जहाजाची धावपट्टी आखूड. त्यामुळे तिच्यावर आडव्या तारा ताणलेल्या असत. आकडा तारेत अडकला की वेगातले विमान थोड्याच अंतरात थांबे.

त्यावरून अब्बास इब्न फिरनास यांची गोष्ट निघाली. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात त्यांनी अंगाला पिसे आणि पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला. सतराव्या शतकातले इतिहासकार अल-मक्करी लिहितात की ते काही अंतर उडाले, पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि त्यांनी शेपटी केलीच नव्हती.

दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उडायची तयारी सगळे करतात. उतरायचं कोण बघतं?"

मुलींना शिकायला बाहेर पाठवताना आपण कॉलेज, फी, वसतिगृह सगळे विचारतो. पण एखाद्या विषयात ती अडकली, मन रमले नाही, कुणी त्रास दिला, तर 'आम्ही आधीच सांगितलं होतं' हे न ऐकता ती घरी येऊ शकेल का, हे आपण ठरवलेले नसते. ते ठरले नाही तर मुलगी अडचण लपवते, आणि लपवलेली अडचण वाढत जाते. आम्ही हे आता मुलीला तोंडाने सांगितले आहे. नुसते मनात ठेवून भागत नाही.

प्रवेशाचा अर्ज भरायचे ठरले आहे. दादींची एकच अट आहे: फोन रोज करायचा आणि जे असेल ते खरे सांगायचे. मुलीने ती कबूल केली. इन्शाअल्लाह, पुढचा हिवाळा आला की सिद्धेश्वरला जाताना दुर्बीण आम्हाला स्वतःच सांभाळावी लागेल.