न सुकणारी बकुळ

आम्ही मराठीत एम. ए. व्हावे म्हणून आईने आपला सोन्याचा बकुळीहार मोडला होता. बकुळीहार, चाफेकळी, कर्णफुले: आपल्या दागिन्यांची नावे नुसती उच्चारली तरी बाग फुलते. फुलाची सोन्यात अनुकृती करण्याची ही जुनीच रीत. यंदा बडनेऱ्याच्या घरी आम्ही तो हार पॉलिमर क्लेमध्ये घडवला. नावात माती असली तरी हे मूलतः पीव्हीसी प्लास्टिक. मळून मऊ करायचे, चिमटीने पाकळ्या काढायच्या, सुईने भोक पाडायचे आणि ओव्हनमध्ये सुमारे १३० अंश सेल्सिअसला भाजायचे. आमच्या उतावीळपणाने पहिला घाणा करपलाच.

तयार हार आईने आधी नाकाशी नेला. "याले वासच नाही ना, बाप्पा!"

खरेच होते. बकुळ सुकूनही गंध राखते. ही सुकणार नाही, पण गंधही देणार नाही. वर्गात अनुकृतीवर तासन्‌तास बोलणारे आम्ही निरुत्तर झालो.

आईने मात्र हार गळ्यात घातला, आरशापुढे क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तसा सोन्याच्याले तरी कुठं वास होता म्हना!"

ऋण फिटले नाही. ते फिटावे, अशी तिची अपेक्षाही नसावी.