कॉर्डोबाच्या यहुदी आळीत

स्पेनच्या सहलीत कॉर्डोबासाठी अवघा एक दिवस होता. आम्ही उभयतांनी तेथील प्रसिद्ध मशीद सकाळीच पाहून घेतली आणि जुन्या यहुदी आळीत शिरलो. पांढऱ्या भिंती, कुंड्यांतली फुले आणि दोघांनी पुढेमागे चालावे एवढ्याच गल्ल्या.

एका चौकात रामबामांचा पुतळा आहे, हाती ग्रंथ घेऊन बसलेला. त्यांचा जन्म या गावचा, कबर आपल्या तिबेरियासला. म्हणून चौकाचे नावही तिबेरियास! येणारेजाणारे पुतळ्याच्या पायांना हात लावतात. आमचा हात मात्र पुढे होईना. हिंदुस्थानातील यहुद्यांना शब्बाथ व सुंता यांखेरीज शास्त्राचे काही ठाऊक नाही, असे याच थोर पुरुषाने एका पत्रात लिहिले होते. ते अगदीच खोटे म्हणवत नाही. कोकणात आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून तर शनवार तेली म्हणवले. तरी मन खट्टू होतेच.

चार पावलांवर सिनेगॉग. केवढेसे ते! १३१५ सालचे. १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर घालविल्यावर तेथे रुग्णालय झाले, पुढे मोच्यांच्या संघाचे प्रार्थनास्थळ. १८८४ साली गिलावा सुटून पडला, तेव्हा आतून हिब्रू अक्षरे निघाली.

मिन्यान कुठला? आम्ही दोघे आणि दारावरचा माणूस. पण शेमा तर कोकणातही कोणी विसरले नव्हते. ती आम्ही हळू आवाजात, घरच्या चालीत म्हटली.

परतताना पुतळ्याच्या पायांना हात लावला.